आठ जागा धरल्या, माणसं राहिली

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच लिहून देतो! किन्हवलीत कोणाचा बसला नाही, मुरबाडच्या बाजारात कोणाचा बसला नाही, आणि माझी बायको गोजर, तिचा तर लग्नाच्या दिवसापासून माझ्या कशावरच बसलेला नाही. आत्ताही ती समोर ओटीवर वाल सोलत बसली आहे आणि वहीत लिहिलेलं मला मोठ्यानं वाचून दाखवायला लावते आहे. "वाचा, वाचा," म्हणते, "लोकांच्या आधी मला कळू दे, किती हाणलंय ते."

तर गेली साठ वर्षं मी या मुलखात लाल गाडीनं आणि काळ्या-पिवळ्या जीपनं फिरतोय. मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंत कुठल्या फाट्यावर कुठली गाडी किती वाजता येते, आणि किती वाजता येत नाही, हे मला झोपेत सांगता येतं. झोपेत म्हणजे खरोखर झोपेत! एकदा धुक्यात ड्रायव्हरची वाट चुकली, तर मी मागच्या बाकावर घोरता घोरता म्हणालो, "डावीकडं घे रे." गाडी बरोबर गावात!

म्हणून आमची सून प्रियांका जेव्हा म्हणाली, "बाबा, पाहुण्यांना आणायला खासगी गाडी सांगू का?" तेव्हा मला हसूच आलं.

"गाडी कशाला गो? मी हाय ना!"

"म्हणून तर विचारते," ती म्हणाली.

प्रियांकाची गोष्ट अशी. तीन वर्षं ती पहाटे उठून आसनगावला जायची, तिथून कल्याणला नोकरीला. दिवसाउजेडी तिनं आपलं घर फक्त रविवारी पाहिलं. आणि घर कुठं? थेट धरणाच्या पाण्याकाठी! समोर तळं, मागं डोंगर, मध्ये आमची गोजर. मुंबईची माणसं रविवारी हे पाणी बघायला येतात आणि वेफर खाऊन परत जातात. प्रियांका म्हणाली, यांना चुलीवरचं जेवू घातलं, पाणी दाखवलं, तर मला कल्याण कशाला हवं? तिचे साहेब भले माणूस. म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तुमची जागा धरून ठेवतो. नाही जमलं तर सोमवारी हजर व्हा."

महिन्याचा शेवटचा रविवार आला आणि पहिलेच पाहुणे ठरले. डोंबिवलीचे आठ निवृत्त शिक्षक! त्यांच्या पुढारी निमकरबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. गळ्यात शिट्टी. नोकरी सुटली, शिट्टी सुटली नव्हती. त्यांची अट एकच होती, की लहानपणी जायचो तसं लाल गाडीनं जायचं, पण गुडघे लहानपणीचे राहिले नसल्यामुळे प्रत्येकाला बसायला जागा पाहिजे.

"जागा?" मी फोनवर म्हणालो. "खिडकीची देतो!"

प्रियांका मला फाट्यापर्यंत सोडायला आली. "बाबा, आज नीट झालं तर मी घरी राहणार. नाय झालं तर उद्या पहाटे परत डबा भरणार. गोष्टी सांगत बसू नका. फक्त आणा."

"फक्त आणतो," मी म्हणालो.

आसनगावला आठही जण ओळीत उतरले. मी त्यांना रिक्षांनी शहापूरच्या स्टँडवर आणलं. आमची गाडी लागलीच होती, आणि दाराशी ही गर्दी! जणू आत फुकट पुरणपोळी वाटत होते.

आता जागा कशी धरायची हे मी तुम्हाला शिकवायला नको. दारातून चढतो तो पाहुणा. इथला माणूस खिडकीतून रुमाल टाकतो आणि सावकाश चढतो. रुमाल पडला की ती जागा त्याची. मग दारातून कोणी पैलवान का येईना, रुमाल बघून उभा राहणार!

मी हुकूम सोडला, "सामान काढा! प्रत्येकाचं एकेक!"

शिक्षकच ते, लगेच रांग लावली. एकानं टोपी दिली. एका बाईंनी शाल. कोणी चष्म्याचं घर, कोणी छत्री, कोणी फुगवायची उशी, कोणी पाण्याची बाटली. निमकरबाईंनी स्वतःचा भरतकाम केलेला रुमाल दिला. राहिले एक भूगोलाचे सर. त्यांच्याकडं द्यायला काहीच नव्हतं. बिचाऱ्यांनी डाव्या पायातली चप्पल काढून दिली. मी गाडीच्या कडेकडेनं पळत एकेक वस्तू आत टाकली. आठ खिडक्या, आठ जागा. नेम असा, की टोपी पडली तीसुद्धा सरळ!

नववी जागा माझी. माझा पंचा काढला, पण नुसता पंचा वाऱ्यानं उडाला असता. आत वजन हवं. खिसे चाचपले, रिकामे. मग काय करणार? तोंडातली कवळी काढली, पंच्यात गुंडाळली, घट्ट गाठ मारली आणि दिली टाकून!

"हं," गोजर म्हणाली.

"काय हं?"

"काय नाय. वाचा पुढं."

ड्रायव्हर चहाला गेला होता म्हणून मीही पाहुण्यांना समोरच्या टपरीवर चहाला नेलं. माझं अर्धं लक्ष गाडीवर होतं. पण अचानक घुर्रर्र झालं, आणि बघतो तर गाडी हलली! मी धावलो. ओरडलो. पण ओरडणार कशानं? दात गाडीत! तोंडातून नुसता वारा! भात्यातून निघतो तसा! दात असते तर मी अशी हाक मारली असती, की गाडीच काय, आसनगावच्या रुळावरची मालगाडी थांबली असती. नव्हते, म्हणून गाडी गेली. एवढंच कारण. दुसरं कुठलंही नाही, हे लक्षात ठेवा.

पुढं गाडीत काय झालं ते मला कंडक्टरनं सांगितलं. माणसं पार पायरीपर्यंत लोंबकळत होती आणि नऊ जागा रिकाम्या! एक म्हातारी माझ्या पंच्याशेजारी येऊन म्हणाली, "कोणाची रे ही जागा?" कंडक्टर म्हणाला, "बारकूबाबाची. पंचा ओळखतो मी!" म्हातारी उभी राहिली. चढावर गाडी धापा टाकत होती, माणसं घामानं निथळत होती, आणि टोपी, शाल, छत्री आणि चप्पल खिडकीशी बसून हवा खात चालली होती! आमच्या फाट्याला कंडक्टरनं सगळ्या वस्तू गोळा केल्या आणि तिथं बसलेल्या आमच्या पाड्यातल्या वाळू नावाच्या गड्याच्या हवाली केल्या. "बारकूबाबाच्या पाहुण्यांनी जागा धरलीय," म्हणाला आणि गेला.

इकडं स्टँडवर निमकरबाईंनी शिट्टी वाजवली. "आजोबा, पुढची गाडी?"

"अडीच तासांनी."

"आणि आमच्या वस्तू?"

"त्या वेळेवर पोचतील," मी म्हणालो. खोटं काय त्यात?

प्रियांकाला फोन लावावा तर तळ्यावर रेंज कुठली? आमच्याकडं रेंज आंब्याच्या तिसऱ्या फांदीवर येते, आणि दुपारी तिथं माकडं असतात. तेवढ्यात सुनिलची जीप दिसली.

"फाट्याला येतोस का रे?"

"नाय, बाबा. मी पलीकडच्या काठाला चाललोय. तिथून भरतची होडी हाय, सोडील तुमाला. बसा. पण जीप भरल्याबिगर नाय सुटायची हां!"

"आमी नऊ जण हाव!"

"म्हणजे अर्धी भरली!"

भरली तेव्हा आत किती माणसं होती ते मी सांगत नाही, कारण तेवढ्यापुरता तरी तुमचा विश्वास राहावा. सुनिल स्वतः दाराबाहेर बसून आत हात घालून गाडी चालवत होता. भूगोलाचे सर एका चपलेनिशी माझ्या मांडीवर होते. पण माणसं खूश! सुनिलनं समोरच्या कप्प्यातले खारे चणे सगळ्यांना वाटले, आणि ते कुडुमकुडुम फोडत मी एकेक डोंगर दाखवत होतो. माहुलीचे सुळके मागं पडले, आणि एका वळणावर एकदम तळं! निळं, गप्प, काठाकाठानं बगळे. सगळ्यांचे चणे हातातच राहिले. निमकरबाईंनी तर गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली.

आता वाळूनं काय केलं ते ऐका. वाळू माणूस सरळ. त्याला सांगितलं होतं की जागा धरलीय. फाट्यावर धरून काय उपयोग? पाहुणे बसणार कुठं? पाण्याकाठी! म्हणून त्यानं सगळं उचललं, तळ्यावर नेलं आणि अगदी पाण्याच्या कडेला, ओळीनं, हात हात अंतरावर मांडलं. टोपी. शाल. चष्म्याचं घर. छत्री. उशी. बाटली. रुमाल. एक चप्पल. शेवटी माझा पंचा. आणि जेवायला घरी गेला.

पाच मिनिटांनी प्रियांका चहाची किटली घेऊन आली.

आता तुम्हीच सांगा, पाण्याच्या कडेला आठ जणांच्या वस्तू ओळीनं मांडलेल्या, सासऱ्याचा पंचा, आणि माणूस एक नाही! किटली हातातून पडली. "बाबाऽऽ!" अशी किंकाळी, की आंब्यावरची माकडं उतरून पळाली.

सगळा पाडा धावला. दोन होड्या पाण्यात गेल्या. जाळी आली, दोर आले, बांबू आले. गोजर पदर खोचून काठावर उभी राहिली आणि म्हणाली, "म्हातारा बुडायचा नाय. त्याला पाण्यानं फेकून दिला असेल." हे तिचं प्रेम! पण प्रियांका चप्पल छातीशी धरून रडत होती. "पयलेच पाहुणे गो आई! आठच्या आठ!"

आणि त्याच वेळी पलीकडून भरतची होडी निघाली. छोटी होडी, एका खेपेला पाच माणसं. पहिल्या खेपेत मी आणि चौघं. काठ जवळ आला तसं भूगोलाच्या सरांनी डोळ्यांवर हात धरला.

"अहो, केवढी माणसं जमलीत! आपल्यासाठी?"

मी पाहिलं. माणसं पाण्यात उभी, हात वर केलेले, बाया गळा काढून रडताहेत, मध्ये सून चप्पल कवटाळून. मला काही कळेना. पण पाहुण्यांपुढं कबूल कोण करतो?

"आमच्याकडं असंच स्वागत असतं," मी म्हणालो.

होडी लागली. प्रियांकानं मोजलं. "एक, दोन, तीन, चार... चार सापडले! चार अजून पाण्यात हायेत!" आणि दुप्पट रडारड! पाहुण्यांचे डोळे भरून आले. एक बाई म्हणाल्या, "किती आपुलकी ही!" आणि त्याही गळ्यात पडून रडायला लागल्या. भूगोलाच्या सरांनी हळूच आपली चप्पल मागून घेतली.

दुसरी खेप आली. होडीच्या टोकाला निमकरबाई, हात उंच, तोंडात शिट्टी. प्रियांकानं परत मोजलं, आठ. मग तिनं पडलेली किटली उचलली आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. बाई माणूस इतकं शांत बघते तेव्हा तळ्यात बुडालेलं बरं वाटतं.

"चहा सांडला, बाबा," एवढंच म्हणाली.

पण जेवण झालं असं, की विचारू नका! तांदळाची भाकर, वालाचं बिरडं, तळ्यातली ताजी मासळी. शाकाहारी होते त्यांनीही रस्सा मागितला. जेवता जेवता निमकरबाई म्हणाल्या, "आजोबा, स्टँडवर ती मगरीची गोष्ट अर्धी राहिली. पुढं काय झालं?" मी म्हणालो, "भात घ्या, भात घ्या." जाताना त्यांनी वहीत लिहून दिलं, "इतकं मनापासून स्वागत आमच्या लग्नातही झालं नव्हतं." दुसऱ्या दिवशी पहाटे प्रियांका उठली, आंब्याच्या तिसऱ्या फांदीवर चढली आणि कल्याणला फोन केला. "साहेब, माझी जागा सोडा. दुसऱ्या कोणाला द्या." आता दर रविवारी पाहुणे असतात. फक्त पंचाईत एकच. फोनवर सगळे विचारतात, "ते काठावर रडणं जेवणातच धरलंय ना?"

अशी ही हकीगत. मी वही मिटली. म्हटलं, "बघ गो, सगळं माझ्या दातांमुळं! दात पंच्यात नसते, तर मी हाक मारली असती. गाडी थांबली असती, आणि एवढं स्वागत कुठलं झालं असतं?"

गोजरनं मूठभर वाल सुपात टाकले. मान वर न करता म्हणाली,

"काठावर पंच्याची गाठ मीच सोडली. आत तुमची तंबाखूची डबी होती."

"ते... म्हणजे डबीसुद्धा होती. दातांच्या जोडीला."

"बरं. मग जीपमध्ये चणे कोणी फोडलं?"

मी वही पुन्हा उघडली, चण्यांचं पान शोधायला.

"खोडू नका," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. त्याच्या खाली लिवा, गाडी सुटली तवा मी टपरीवर मगर सांगत व्हतो."