मशीनच्या मागे मास्तर

"अगं, त्यात काय एवढं! शाळेतली सगळी पोरं मी एका हुकमात पुतळ्यासारखी उभी करतो. मला स्वतःला गप्प उभं राहता येणार नाही होय?" असं छाती फुगवून सांगत कवायतीचे मास्तर बायकोबरोबर जंगलात निघाले. तिची मदतनीस तापाने पडली होती.

बायको जंगलातली पानं मोजायची. म्हणजे हाताने नव्हे हो! तिपाईवरचं मशीन हळूहळू फिरत लेसर टाकायचं, आणि किरण जिथे आपटेल तिथला एक ठिपका नोंदला जायचा. त्या ठिपक्यांवरून पानांचा हिशोब. आठवडाभर वारा थांबला नव्हता. आज मात्र एक पान हलत नव्हतं, आणि पानगळ तर तोंडावर आलेली! आजचं मोजमाप फसलं की तिची वर्षाची मेहनत पाण्यात.

"मशीन सुरू झालं की त्या जाड खोडामागे जा आणि हलू नकोस," असं बजावून ती स्वतः दुसऱ्या झाडाआड गेली.

खोडामागे पाहावं तर ही मुंग्यांची रांग! शिवाय लपायला आपण काय चोर आहोत? मशीनच्या पाठीमागे राहिलं की झालं! मशीन तसूभर वळलं की मास्तर तसूभर सरकायचे. श्वास रोखून, पाऊल न वाजवता. आपल्या हुशारीवर ते बेहद्द खूश होते.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर चित्र उघडलं आणि बायको किंचाळलीच! "अगं बाई! हे काय?"

झाडांच्या बुंध्यांपुढे पुरुषभर उंचीचं गच्च कुंपण उभं होतं. तेही पानांतच धरल्यामुळे पानांचा आकडा तर आभाळाला भिडलेला!

"असलं झुडूप तिथे नव्हतंच!" तिने चित्र मोठं केलं. "याला... ढेरी आहे? या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग ढेरी! आणि खाली बूट!"

मास्तरांनी स्वतःच्या ढेरीकडे पाहिलं. "पण मी एकदाही समोर आलो नाही गं! सारखा मागेच होतो!"

"अरे, त्याला मागंपुढं नसतंच! ते एका वेळी दोन्हीकडे किरण टाकतं. तू त्याच्याबरोबर फिरलास, म्हणून जिथे बघावं तिथे तूच!" ती डोकं धरून बसली.

मास्तरांना दरदरून घाम फुटला. आपल्या ढेरीने बायकोचं वर्ष खाल्लं! "काहीतरी कर गं," ते कसेबसे म्हणाले.

तिने डोळे पुसले, डोक्याच्या उंचीपर्यंतचं सगळं चित्रातून उडवलं आणि पुन्हा हिशोब लावला.

"आला! आकडा चोख आला! वरची पानं सगळी शाबूत आहेत!"

"म्हणजे माझ्यामुळे काही बिघडलं नाही ना?"

"छे रे! तुला काढून टाकलं आणि सगळं सुरळीत झालं," ती खळखळून हसली. "इतकं सोपं असेल असं वाटलंच नव्हतं!"

मास्तरही हसायला गेले, आणि अर्ध्यावरच थांबले.