बारा हात दोर

दोर वळायला शिकायचं मी ठरवलं ते दोरासाठी नव्हे. (बांधून ठेवावं असं माझ्याकडे काहीच नाही.) लाँड्रीच्या भिंतीवर पाटी दिसली: 'दोर वळायला शिका. दर रविवारी. शिक्षणाची अट नाही.' मी आठवीत शाळा सोडलेली. एवढ्या मोठ्या शहरात मला चालवून घेणारी ही पहिलीच पाटी, म्हणून आत शिरलो.

दोरवाले मास्तर सत्तरीचे. मला बघून "ये, बस" म्हणाले. मी गोदामात दिवसभर खोकी बांधतो. तिथं माझ्याशी बोलतं ते फक्त पट्टी मारायचं मशीन, आणि तेही बिघडलं तरच. त्यामुळे नुसतं "ये, बस" ऐकायला मी पुढचे पाच रविवार गेलो. वळायला मात्र काही जमेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या सुंभाला पीळ मुळात बसतच नव्हता.

शेवटी मास्तर म्हणाले, "पुढच्या रविवारी बारा हातांचा दोर वळून आण. नाही जमला तर येऊ नकोस, लेका. जागा कमी आहे, आणि वाख फुकट जातोय."

वाख म्हणजे पानांतून काढलेले धागे, म्हाताऱ्याच्या केसांसारखे. त्यांची लांब लड करायची, एक टोक बांधायचं, दुसऱ्या टोकात काडी अडकवून फिरवत राहायचं. पीळ भरला की लड दुमडायची. मग दोन्ही पेड आपोआप एकमेकांना बिलगतात. (मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा मला उगाचच भरून आलं होतं.)

बारा हात दोराला लड लागते पंचवीस हात. माझी खोली सात हात, तीही पाय दुमडून घेतले तर. शनिवारी दुपारी मी बाहेरच्या बोळात आलो. बोळाच्या दुसऱ्या टोकाला एक दार होतं, दाराला कडी होती. बांधलं टोक. आत कोण राहतं ते मला ठाऊक नव्हतं. तिथं राहून मला दोन वर्षं झाली होती.

अर्ध्या तासात लड तारेसारखी ताठ झाली. इतक्यात ते दार आतून हललं. उघडेना.

"कोण आहे? कोंडलंय कुणी मला?"

"मी... शेजारचा! ओढू नका, पीळ जाईल!"

"कुणाचा पीळ?"

"माझा!"

"थांब, उतरवतेच तुझा पीळ!"

आणि बाईंनी दार ओढलं. काही झालं तरी टोक सोडायचं नाही, असं मास्तरांनी बजावलं होतं. मी सोडलं नाही, म्हणून तोंडावर आपटलो. सैल पडलेली लड पायांत गुंडाळली गेली होती, तेव्हा माफी मागायलाही रांगतच गेलो.

दारात पांढऱ्या केसांच्या मावशी, कमरेवर हात ठेवून.

"नीट बोल, पुटपुटू नकोस. पस्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते मी. पुटपुटणाऱ्यांची लाइन तोडायचे."

लाइन तुटायच्या भीतीनं मी सगळं सांगून टाकलं.

"आणि उद्या दोर नाही नेला तर?"

"मग रविवारी जायला ठिकाण उरत नाही."

"दाराला बांधतोस! माणसाला मागता येत नाही? आण ते टोक. कसं फिरवू?"

"मी फिरवतो तसंच."

इथं चुकलं. माझ्यासमोर उभं राहून त्या हुबेहूब मी फिरवतो तसं फिरवत होत्या, आरशातल्यासारखं. मी घालत होतो तो पीळ त्या पलीकडून इमानदारीनं काढत होत्या. (अधिक एक, उणे एक, बाकी शून्य. एवढं गणित माझं झालं होतं.) दहा मिनिटांत ते माझ्या लक्षात आलं. पण मावशी सांगत होत्या, एक माणूस दर सोमवारी मुद्दाम चुकीचा नंबर मागायचा, नुसता त्यांचा आवाज ऐकायला. त्यात मध्येच "उलटं फिरवा" कसं म्हणणार? मी फिरवत राहिलो. दोन तास.

लड दुमडली तेव्हा पेडांनी एकमेकांना ओळखसुद्धा दाखवली नाही. मी टोकांना गाठी मारल्या.

रविवारी मास्तरांनी तो दोर जरासा ताणला. गाठी त्यांच्या हातात राहिल्या, वाख मांडीवर पडला.

"हा दोर? हे तर केस विंचरलेत! पलीकडे कोण होतं?"

"मावशी. उलटं फिरवत होत्या."

"तुझ्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"त्या बोलत होत्या ना."

मास्तरांनी मांडीवरचा वाख गोळा करून बाजूला ठेवला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात म्हणाले, "जा, घेऊन ये त्यांना."

मी धावत गेलो. मावशी आल्या, एकदाच नीट बघून घेतलं, आणि तासाभरात असा दोर वळला की मास्तर गुडघे धरत उठून उभे राहिले.

"गुण आहे तुमच्या हाताला! दर रविवारी या."

मी घसा खाकरला. "आणि मी?"

"तूही ये. त्यांचं टोक धर."

तेव्हापासून दर रविवारी मी टोक धरतो. आधी ते काम भिंतीतला एक खिळा करायचा. परवा मास्तर मावशींना हळूच म्हणताना मी ऐकलं, "खिळा बरा होता हो. निदान गप्प तरी बसायचा."