पाचव्या खंडाचं विरोधी मत

खारवाडीच्या प्रार्थनालयातले हिब्रू धर्मग्रंथांचे नऊ खंड शनिवार सोडून रोज सकाळी दहा ते एक लोकांच्या अडचणी ऐकतात आणि निर्णय देतात. निर्णय मराठीत असतो आणि बहुमतानं होतो. ज्याचं मत हरतं त्याचंही मत नोंदवहीत उतरतं आणि सर्वांसमोर वाचलं जातं. फार जुनी खोड आहे ती, आता काही सुटायची नाही.

गावातली बेने इस्रायल ज्यू घरं एकेक करून इस्रायलला गेली, तरी कामकाज थांबलं नाही. गेल्याच आठवड्यात शेजारच्या गुणाबाई म्हात्रे, सुनेच्या मोबाईलमधले निरोप वाचावेत का, म्हणून विचारून गेल्या. दुसऱ्याचं पत्र फोडू नये, असं आठ खंड म्हणाले. दुसरा खंड एकटा विरोधात म्हणाला, सुनेलाच विचारा. गुणाबाईंना दोन्ही पटलं नाही, पण मोबाईल त्यांनी जागेवर ठेवला.

आता बेने इस्रायलांपैकी गावात एकटे रूबेन आवसकर उरलेत. वय सत्त्याहत्तर, प्रार्थनालयाची किल्ली त्यांच्याकडे. सोमवारी त्यांनी स्वतःच अर्ज केला. बायकोला, केतुराला, जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. गेलेल्या माणसासाठी कद्दिश ही प्रार्थना म्हणायची, तर एका जागी दहा ज्यू पुरुष लागतात. रूबेननी अलिबागपासून पनवेलपर्यंत फोन केले होते. कुणाचे गुडघे, कुणाचा मोतीबिंदू.

"व्हिडिओवर इस्रायलमधले नऊ भाचे गोळा करतो," ते म्हणाले.

"एका छपराखाली हवेत," तिसरा खंड म्हणाला.

"मग तुम्ही नऊ आहात की. मी दहावा."

"आम्ही माणसं नव्हे, आवसकर," पहिला खंड म्हणाला.

"तुमच्या दहाव्या खंडाला वाळवी लागली, तेव्हा मी त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून कबरस्तानात पुरला. केतुराच्या शेजारी. माणसासारखं पुरता येतं, तर माणसासारखं मोजायला काय हरकत आहे?" रूबेन पुढे म्हणाले. "वर्षभर घरात एकटाच बोलतोय मी. एवढं एकदा तिच्यासाठी म्हणू द्या."

खंडांनी पाऊण वाजेपर्यंत खल केला. निर्णय आठ विरुद्ध एक असा झाला: पुस्तक पुरता येतं, पण पुस्तकामागे रडायला कुणी बसत नाही, सबब पुस्तक माणसांत धरता येणार नाही. अर्ज फेटाळला.

रूबेन खिशातली किल्ली चाचपत उठले.

"बसा," पाचवा खंड म्हणाला. "विरोधी मत वाचायचं राहिलंय."

पाचव्याचं मत असं होतं, की अर्जदारास कद्दिश म्हणू द्यावी. कोणती कद्दिश, याबद्दल पुढे घोळ नको, म्हणून तिचा संपूर्ण पाठ, मयत केतुरा रूबेन आवसकर यांच्या नावासह, सोबत जोडला होता. तो त्यानं सावकाश, एकही शब्द न गाळता वाचला.

कद्दिश कानावर पडली की आमेन म्हणावंच लागतं. त्याबद्दल नऊ खंडांत मतभेद नाही. आठही जण आमेन म्हणाले. रूबेनना लगेच जमलं नाही. सगळे थांबले. मग तेही म्हणाले.

"नोंद घ्या, निर्णय कायम आहे," पहिला खंड म्हणाला.

रूबेननी डोळे पुसले. "मग पुढच्या वर्षी मी काय करू?"

"याच तारखेला पुन्हा अर्ज करा," पहिला खंड म्हणाला. "आम्ही तो पुन्हा फेटाळू."