सगुणाबाईचं लग्न की पाट?

दत्तूआप्पा कुणाच्या दहाव्याला आले की ओळखीची माणसं सरकून लांब बसतात. घाटावर सगळे कावळा शिवायची वाट बघत गप्प असतात, आणि आप्पा गेलेल्या म्हातारीच्या मुलाच्या कानाशी लागून हळूच विचारतात, "तुमच्या आज्जीचं लग्न हुतं का पाट?"

एकदा एक जण वैतागून म्हणाला, "आप्पा, कावळा तरी शिवू द्या!"

"शिवू दे की. तवर सांगा."

पाट म्हणजे विधवेचं किंवा नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं दुसरं लग्न. ना मांडव, ना वाजंत्री, ना हळद. तिन्हीसांजेला चार माणसांत उरकायचं आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. आप्पा नेमकं तेच काढतात.

आप्पा दौंडमध्ये माझ्या शेजारी राहतात. मूळचे वडगाव रासाईचे. कुरकुंभच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. मी तिथंच हिशेबाच्या खात्यात आहे, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव 'अकौंटंट'. थोरल्या मुलीचं लग्न झालं आणि त्यानंतर त्यांना हा नाद लागला. प्रश्न एकच होता. त्यांची पणजी सगुणाबाई लग्नाची होती की पाटाची? तिला आधी खुटबावला दिलं होतं, तिथला नवरा वारला आणि मग ती नदी ओलांडून वडगावला आली, अशी कुजबूज त्यांनी लहानपणी ऐकली होती. पण भावकीतले थोरले म्हणजे चुलतभाऊ नाना. त्यांचा निकाल ठरलेला. "आपल्यात पाटाची रीत न्हाई. सगुणाबाई लग्नाची. इषय संपला."

"पुरावा काय?" आप्पा विचारायचे.

"मी सांगतोय ह्यो पुरावा!"

मग आप्पांनी कागद गोळा करायला सुरुवात केली. शाळेचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीवर नावं चढल्या-उतरल्याचे फेरफार. आकडेमोड माझ्याकडे आली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी सगळी वर्षं मांडली, पण ताळा काही लागेना. आप्पांच्या आजोबांचं वय तीन कागदांवर तीन तऱ्हांचं निघालं. एका कागदाप्रमाणे तर ते स्वतःच्या धाकट्या भावाहून लहान होते.

"असत्याल," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "पुराव्यापुढं आपण कोण?"

एका रविवारी ते कागदांची पिशवी माझ्या हातात देऊन मला मोटारसायकलवर खुटबावला घेऊन गेले. सगुणाबाईच्या पहिल्या नवऱ्याचं म्हणून सांगितलेलं घर सापडलं. ओट्यावर एक म्हातारे मामा बसले होते. आप्पांनी सगुणाबाईचं नाव काढलं, तसे ते ताठ झाले.

"वाटणी मागाय आला का?"

"न्हाई हो मामा. नुसती चौकशी."

"जुनं नाव काढत आल्याला माणूस नुसती चौकशी कधी करत न्हाई. ह्यो पिशवीवाला कोण? वकील?"

"अकौंटंट," आप्पा म्हणाले. त्यानं प्रकरण आणखी बिघडलं.

शेवटी आप्पाच पुढे होऊन म्हणाले, "मामा, तुमच्या जमिनीतलं ढेकूळ बी नको. मला फकस्त एवढंच पाहिजे, ती बाई ह्या घरातनं गेली का न्हाई?" तेव्हा कुठं चहा आला. चहा पिताना मामा म्हणाले, "आमच्यातली एक सून गेली म्हणत्यात खरं. पर गेली म्हंजी नदीपल्याड गेली का देवाघरी, ते सांगणारं कोण ऱ्हायलं न्हाई. तुमच्याकडं आली असंल तर बरंच झालं. कुठं तरी नांदली म्हणायची."



पुढे कचेरीतून जुन्या फेरफाराची नक्कल मिळाली. सगुणा, मयत नवऱ्याचं नाव, आणि पुढे 'नाव कमी केले, सबब'. त्या पुढचं कसरीनं खाल्लेलं. साऱ्या कागदात किडीला नेमकं कारणच गोड लागलं होतं.

"बघा, झालं का न्हाई सिद्ध?" आप्पा म्हणाले.

मला खोटी बेरीज जमत नाही. मी म्हणालो, "आप्पा, नाव कमी झालं एवढंच सिद्ध होतं. बाई वारलीही असेल."

आप्पांनी नक्कल माझ्या हातातून ओढून घेतली. मला नवल वाटे. पणजीचं लग्न झालं काय आणि पाट लागला काय, या माणसाला आज त्याचं काय?

ते मला कळलं ते त्यांच्या मुलाचं, विकासचं लग्न ठरल्यावर. आप्पांनी "जरा या" म्हणून हाक मारली, म्हणून गेलो तर नाना आलेले. देवकाचा विषय निघाला होता. लग्नाआधी घरात देवक बसवतात, त्या पूजेला नवऱ्या मुलाचे आईबाप बसतात.

नाना म्हणाले, "दत्तू, थोरलीच्या वक्ताला केलं तसंच करू. देवकाला मी आन् तुझी वहिनी बसतो."

"आईबाप जित्ते असताना?"

"आता माझ्या तोंडातनं वदवू नको. त्या जागी लग्नाचं जोडपं लागतं. रीत हाय."

काकी, म्हणजे आप्पांची बायको, चहाचे कप गोळा करत होत्या. त्या न थांबता आत गेल्या. इतक्या वर्षांचा शेजार, पण काकी आप्पांच्या घरी पाटानं आल्या होत्या, हे मला त्या क्षणी समजलं.

नाना गेल्यावर आप्पांनी ती नक्कल पुन्हा माझ्यापुढे ठेवली. "अकौंटंट, एकडाव नीट बघा. साऱ्या भावकीची मूळ आईच पाटाची निघाली, तर हिला मागं सार म्हणायला कुणाची जीभ उचलंल? काय तरी निघंल ह्यातनं."

मी चष्मा पुसून बघितलं. काही निघत नव्हतं.

"पाटच हुता," दारातून काकी म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वळून बघितलं.

"मी ह्या घरात आले त्या दिशी आत्याबाईंनी सांगितलं. म्हणल्या, रडू नको, ह्या घरात सगुणाबाई बी अशीच आली हुती. कुणाला बोलू नको म्हणून शपथ घातली."

"आगं, मग मला उन्हातान्हात का हिंडू दिलंस?"

काकींनी पदर सारखा केला. "शपथ हुती न्हवं." मग म्हणाल्या, "आन् माझ्यापायी कोण एवढं हिंडतंय, ते बघावं वाटायचं."

आप्पा उठले. "थांब, आत्ता जाऊन नानाला सांगतो."

"सांगायचं न्हाई. ती बिचारी मरून गेली. तिला कशापायी चारचौघात उभी करता?"

"मग देवकाचं काय?"

"देवकाला मी बसणार."

"आन् नानानं कारण इचारलं तर?"

"म्हणावं, पोरगं तिचं हाय."

आप्पांनी फोन लावला. पलीकडून नानांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.  आवाज थांबल्यावर आप्पा फक्त म्हणाले, "नाना, पोरगं तिचं हाय. तुम्ही अक्षता टाकाय या."

त्यांनी फोन ठेवला. काकी अजून दारातच होत्या. एवढा वेळ ठाम बोलत होत्या, पण आता एकदम नव्या नवरीसारख्या गोंधळल्या.

"आवं, देवकाला नेसायचं काय? ती पिवळी हाय, पर ह्या वयात भडक दिसंल."

"पिवळीच नेस," आप्पा म्हणाले.