ताईसाहेबांनी चकतीवाचून ब्रॉडबँड सर केले त्याची हकीकत

वाचणारांनी सावध होऊन बसावे. थोर मोहिमांचे वृत्तांत लिहिणारे पुष्कळ होऊन गेले, आणि त्यांनी गड लिहिले, नद्या लिहिल्या, हत्ती मोजून लिहिले. परंतु दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत एका रविवारी दुपारी बारापासून सायंकाळी पाचापर्यंत जे रण माजले, ते लिहावयास कोणी धजला नाही. सबब ते वर्तमान लोपून जाईल ऐसे दिसले, म्हणोन आम्ही ते पदरचे काही न घालता लिहितो. जेथे पदरचे घातले असेल तेथे ते शोभेल ऐसेच घातले आहे.

त्या घरचा कारभार ताईसाहेबांच्या हुकमाने चाले. ताईसाहेब म्हणजे छापखान्यातील निवृत्त मुद्रितशोधक. ऐन उमेदीत शिशाचे खिळे जुळविण्यापासून चाकरीस आरंभ केला, आणि मग पायरीपायरीने चढून छपाईपूर्वीचे कागद तपासण्याच्या मसनदीवर बसल्या, आणि चाळीस वर्षे तांबड्या शाईने चुका धरिल्या, आणि त्या मुदतीत एकही ऱ्हस्व त्यांच्या नजरेखालून दीर्घाच्या वेषात निसटून गेला नाही. यजमान रावसाहेब, निवृत्त बसचालक, आवाजाने मोठे, मनाने मऊ. कोणतेही यंत्र अडले असता आधी दोन थापा आणि मग एक शिवी, ऐसा त्यांचा युद्धाचा कायदा होता.

आता मोहिमेचे कारण ऐसे. ताईसाहेबांची धाकटी बहीण, घरचे नाव चिमी, समुद्रापलीकडे राहात असे. अकरा वर्षांमागे तिने आपला संसार मोडत असल्याचे दुःखाचे पत्र ताईसाहेबांस लिहिले. ताईसाहेबांनी ते वाचिले, बहुत रडल्या, आणि मग हातास खोड म्हणोन तांबडी लेखणी उचलून त्यातील शुद्धलेखन दुरुस्त केले, आणि ते समयी बुद्धी कोठे गेली होती न कळे, आपल्या चार पानी मायेच्या उत्तरासोबत ते दुरुस्त पत्रही लिफाफ्यात घालून धाडिले. चिमीने लिफाफा उघडिला तो वर तांबडेच तांबडे. चार पानी उत्तर तिने वाचिले की नाही हे कोणास ठाऊक नाही. तेव्हापासून पत्र बंद, फोन बंद, नावही बंद. ताईसाहेबांनी सात वेळा माफीचा मसुदा केला आणि सातही वेळा तो तपासता तपासता फाडिला.

त्यास जावईबापूंनी मध्यस्थी करून बोलणे लाविले. ते तीन तासांच्या वाटेवरील शहरात एका कचेरीत संगणकाची चाकरी करीत. त्यांचा निरोप आला, की मावशी रविवारी पाच वाजता पडद्यावर येतील, एकवार येतील, समोर कोणी न दिसले तर पुन्हा विचारू नये. ताईसाहेबांनी निरोप दोनदा वाचून घेतला आणि त्यातील एकही चूक काढिली नाही. घरात मोठा बदल होत आहे हे रावसाहेबांनी त्यावरूनच ओळखिले.

परंतु जुन्या कंपनीची तार गेल्या महिन्यात कायमची मुकी झाली होती, आणि उभयतांकडे फोन होते ते बटणांचे, त्यांवर पडद्यावरील भेट होणे नाही. सबब नव्या कंपनीस पाचारण केले. शुक्रवारी कंपनीचा तारवाला आला, त्याने मेजाखाली जमिनीपासून वीतभर उंचीवर एक पांढरी डबी भिंतीस स्क्रूने ठोकून बसविली, डबीपासून संगणकापर्यंत तार आणिली, आणि एक पत्र व एक सीडीची चकती हाती देऊन म्हणाला, “ही घातली की झालं, काकू. आणि डबी भिंतीवरून काढू नका, काढली तर कंपनी जबाबदार नाही.” एवढे फर्मान सुनावून तो जिना उतरून गेला. शनिवार संगणकावरील धूळ झाडण्यात आणि नेसावयाचे लुगडे कोणते या मसलतीत खर्ची पडला.

रविवारी बारा वाजता ताईसाहेबांनी मोर्चा बांधिला. चकती संगणकाचे मुखी घातली. घरघर जाहली, आणि पडद्यावर कंपनी सरकारचा करारनामा उभा राहिला, पाने एक्केचाळीस, आणि तळाशी एक चौकोन, की मला सर्व मान्य आहे. रावसाहेब म्हणाले, “दाब तो चौकोन आणि मोकळी हो.” ताईसाहेबांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचावयास आरंभ केला.

एक तास वीस मिनिटे गेली. रावसाहेब दोनदा येऊन घड्याळाकडे पाहून गेले. ताईसाहेब वाचीत होत्या आणि बाजूस कागदावर टिपीत होत्या. एकोणिसावे कलम ऐसे निघाले, की कंपनीच्या सॉफ्टवेअरने संगणकातील कागदपत्रे व छायाचित्रे सेवा सुधारण्याच्या हेतूने पाहावी. सत्ताविसावे ऐसे, की पडद्याचे पहिले पान कंपनीचे राहील आणि ते बदलण्याचा यत्न ग्राहकाने करू नये. आणि या सर्वांवर कळस म्हणजे चौकोनाशेजारीच छापिले होते, ‘ग्राहकाची समंती’.

ताईसाहेब खुर्चीवरून उठल्या. “ज्यांना संमती लिहिता येत नाही, त्यांना मी ती देऊ?”

“अगं, पाच वाजता चिमी येणार आहे!”

“म्हणूनच. तिच्याशी बोलताना घरात तिसरं कोणी नको.” ऐसे म्हणोन चकती बाहेर काढिली आणि पाकिटात घालून पाकीट कपाटात कोंडिले. येणेप्रमाणे कंपनी सरकारशी तह मोडला आणि युद्ध उघड जाहले.

मग रावसाहेबांनी जावईबापूंस फोन लाविला आणि फितवा करावा तैसे हळू आवाजात सर्व सांगितले. जावईबापूंनी ताईसाहेबांस बोलाविले.

“आई, ते सॉफ्टवेअर टाका हो. त्या अटी कोणी वाचत नाही.”

“जे कोणी वाचत नाही तेच मी चाळीस वर्षं वाचलंय. तुम्ही एवढंच सांगा, त्याच्याशिवाय चालू होतं का?”

जावईबापू खोटे बोलणारे नव्हते. म्हणाले, “होत असावं. आत कुठेतरी नाव आणि पासवर्ड भरावा लागतो. पण त्या डबीचं दार कुठून उघडतं ते कंपनीलाच विचारावं लागेल.” म्हणजे किल्ल्यास चोरवाट आहे, इतकी पक्की खबर हाती आली. अडीच वाजले होते.

मग कंपनीच्या मदत-क्रमांकावर स्वारी निघाली. तेथे आधी एक यंत्र बोलले, की एक दाबा. एक दाबिले तो म्हणाले, तीन दाबा. तीन दाबिले तो सनईसारखे काही वाजू लागले. पन्नास मिनिटे ते वाजले. रावसाहेब त्यावर बोटांनी ताल धरू लागले, त्यास ताईसाहेबांनी नजरेनेच मना केले. साडेतीनच्या सुमारास एक बाई बोलावयास आली, आवाज दमलेला, परंतु गोड, आणि तिने विचारिले की चकती घातली काय. ताईसाहेबांनी चकती घालणार नसल्याचे कळविले.

“मॅडम, मग मला मदत करता येणार नाही. आम्हाला तशी सूचना आहे.”

“तुमची सूचना मला कळते. मीही चाकरी केलीय. पण चकती मी घालणार नाही.”

“अहो, सगळेच घालतात.”

येथे ताईसाहेबांचा सारा आवेश उतरला, आणि ज्या स्वरात त्या कोणाशी बोलत नसत त्या स्वरात म्हणाल्या, “बाई, पाच वाजता माझी बहीण दिसणार आहे. अकरा वर्षांनी. तिला मी दुखावलंय. आज मी समोर नसले तर ती परत यायची नाही.”

पलीकडे खुर्ची सरकविल्याचा आवाज जाहला. मग ती बाई अगदी हळू बोलली. “मी आता जे बोलणार ते मी बोलले नाही. कळलं? डबीच्या खालच्या बाजूला चिकटपट्टी आहे. तिच्यावर टिंबं असलेला एक आकडा आहे, तो वर पत्त्याच्या जागी लिहा. दार उघडेल. मग पट्टीवरचंच नाव आणि पासवर्ड द्या. आत गेलात की आमच्या पत्रातलं नाव आणि पासवर्ड भरा. बस.” आणि मग मोठ्याने म्हणाली, “चकतीशिवाय मदत करता येत नाही, मॅडम, क्षमस्व!” आणि फोन ठेविला. शत्रूच्या गोटातील त्या बाईचे नाव कळले नाही, नाही तर येथे सोन्याच्या शाईने लिहिले असते.

आता संकट ऐसे, की पट्टी डबीच्या तळास, डबी भिंतीस, आणि डबी व जमीन यांत अंतर वीतभर. काढावी तर तारवाल्याचे फर्मान आड. रावसाहेब म्हणाले, हे माझे काम. तीस वर्षे बसखाली शिरून वाकलेला गडी, परंतु पोट मध्यंतरी वाढले होते, ते मेजाच्या पायांत अडकले. एका हाती विजेरी, दुसऱ्या हाती ताईसाहेबांचा वेणीफणीचा आरसा, तो आरसा डबीखाली सरकविला, आणि त्यात पाहून रावसाहेब ओरडून सांगू लागले.

“पाच... नाही, दोन आहे. की पाचच? अगं, हे सगळं उलटं दिसतंय! हे अक्षर बी की डी?”

तीन वेळा सांगितले, तीन वेळा निराळे सांगितले. घड्याळात चार वाजून वीस मिनिटे. ताईसाहेबांचे गुडघे दोन वर्षांपासून रुसलेले. परंतु त्या मेजाचा काठ धरून खाली बसल्या, आणि मग आडव्या झाल्या, आणि नवऱ्याच्या शेजारी मेजाखाली शिरल्या, जरीचे लुगडे धुळीत. आरशात पाहिले.

वाचणारांनी येथे ध्यानी घ्यावे, की शिशाचा खिळा उलटाच असतो, आणि खिळे जुळविणाऱ्यास तो उलटाच वाचावा लागतो. ताईसाहेबांनी चाकरीची पहिली नऊ वर्षे छापखान्यात उलटी अक्षरे वाचीत काढिली होती. आरशातील पट्टी त्यांस पाठ असलेल्या पानासारखी दिसली. त्या भराभर बोलत गेल्या आणि रावसाहेब पोटावर कागद ठेवून लिहीत गेले.

“तुला हे येतं, हे मला माहीत नव्हतं,” रावसाहेब म्हणाले.

“तुम्ही कधी विचारलंत?”

उभयता कितीएक वर्षांत इतक्या जवळ निजून काही बोलले नव्हते, सबब हसू आले, आणि हसू आल्याने उठता येईना, त्यात चार मिनिटांचा खोळंबा जाहला. तो खर्च मोहिमेच्या नावे लिहावा.

मग ताईसाहेब आसनस्थ झाल्या आणि आकडा पत्त्याच्या जागी लिहिला, आणि डबीचे दार उघडले, पट्टीवरील नाव व परवलीचा शब्द दिला, आणि आत कंपनीचा कसलाही करारनामा नव्हता, केवळ दोन रिकाम्या चौकटी. पत्रातील नाव भरिले, परवलीचा शब्द भरिला. डबीवरील तिसरा दिवा, इंटरनेट आल्याची खूण सांगणारा, तांबडा होता, तो तांबडाच राहिला. पडद्यावर अक्षरे उमटली, की परवलीचा शब्द चुकीचा. पुन्हा भरिला. पुन्हा चुकीचा. चार वाजून पंचेचाळीस. रावसाहेबांनी कायद्याप्रमाणे डबीस थाप मारावयास हात उगारिला, तो ताईसाहेबांनी वरचेवर धरिला.

“चूक दिव्यात नाही. वाचण्यात आहे.”

पत्र खिडकीपाशी नेले आणि उजेडात धरिले. परवलीच्या शब्दात एक वाटोळे चिन्ह होते, ते त्यांनी इंग्रजी ओ म्हणोन लिहिले होते. आता निरखून पाहिले तो ते बाजूंनी किंचित चेपलेले. “हे शून्य आहे,” त्या म्हणाल्या. “घाईत मी चुकीचं वाचलं.” ताईसाहेबांनी आपली वाचनातील चूक आपल्या तोंडाने कबूल केली, ही त्या घरातील पहिलीच नोंद. शून्य घातले. तिसरा दिवा लुकलुकला, विझला, आणि मग हिरवा जाहला. चार वाजून त्रेपन्न मिनिटे. रावसाहेबांनी ऐसी आरोळी दिली की खालच्या मजल्यावरून काय पडले म्हणोन विचारणा आली.

पाचाच्या ठोक्यास पडदा वाजला. जावईबापूंनी भेटीची सोय संगणकात मागेच करून ठेविली होती, ती उघडली, आणि चिमी दिसली. केस पांढरे, चष्मा जाड, हनुवटी तीच.

आधी चिमीच म्हणाली, “ताई, तुझं नुसतं कपाळ दिसतंय.”

ताईसाहेबांनी पडदा किंचित खाली कलविला. “आता?”

“आता दिसतेस. लुगड्याला माती कसली?”

“मेजाखाली होते.” आणि मग, मसुदा न करता, न तपासता, “चिमे, मी चुकले गं. तू रडत होतीस आणि मी काना-मात्रा बघत बसले.”

चिमीने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, “चारही पानं वाचली होती मी. तेव्हाच. पण राग धरून बसायला बरं वाटत होतं. एकटं असलं की काहीतरी धरायला लागतं.”

यावर ताईसाहेबांनी मागे न पाहता हात केला, की रावसाहेबांनी खोलीबाहेर जावे. रावसाहेब गेले आणि दार ओढून घेतले, आणि चहाचे आधण ठेविले, आणि ते आटून गेले, आणि दुसरे ठेविले.

येणेप्रमाणे रविवारी, दिवा हिरवा असता, कंपनीचे सॉफ्टवेअर न घालता ब्रॉडबँड कायम जाहले. आपल्या बाजूचे नुकसान, एक लुगडे मळले आणि रावसाहेबांची पाठ दोन दिवस धरली. बंद दाराआड दोघी बहिणींचे बोलणे पाच वाजल्यापासून आठास दहा कमी असेपर्यंत चालले. काय बोलणे जाहले ते बखरकारास अक्षरशः ठाऊक आहे. परंतु घरात तिसरे कोणी नको, ऐसी ताईसाहेबांची आज्ञा आहे, आणि आम्ही तिसरेच. सबब आम्हीही बाहेर आलो, आणि रावसाहेबांनी दुसऱ्या आधणातला अर्धा कप आम्हांस दिला.