आदर्श वीजग्राहक

"खोलीतून निघताना आधी दिवा, मग आपण," एवढं सुनेला सांगून ठमाबाई गेल्या. कुटुंबाच्या आर्थिक मागासलेपणाचं मूळ बहुधा अशाच एखाद्या वाक्यात सापडतं. लंकाबाईंनी सासूचा हा शब्द सोमवार-चतुर्थीच्या बरोबरीने पाळला. कुणी न्हाणीघरातून बाहेर पडलं की मागोमाग टक् आवाज यायचा. या टक्-टक्ने देशाची प्रगती किती मागे गेली, याचा हिशेब कुणी केलेला नाही.

मखमलाबाद रोडला जिथे त्यांचे टोमॅटो व्हायचे, तिथे आता ‘गोदासुमन’ सोसायटी उभी आहे. पहिल्या मजल्यावर राहणारे चिरंजीव शेखर यांनी गेल्या वर्षी देशाचा सखोल अभ्यास केला (मोबाईलवर, जेवताना). एसी वाढणार, विजेच्या गाड्या वाढणार, कॉम्प्युटरची गोदामं उभी राहणार, आणि सगळ्यांना वीज लागणार. तेव्हा त्यांनी एका वीज कंपनीचे शेअर घेतले आणि अणुभट्टीला नळ्या पुरवणाऱ्या एका कंपनीचेही घेतले. अणुभट्टीचं फळ सावकाश मिळतं, म्हणून ते नातवंडाच्या नावे राखून ठेवलं (नातवंडाबाबत सूनबाई निकिता यांचं निवेदन अद्याप प्राप्त नाही).

लंकाबाईंनी एकच विचारलं, की भट्टी म्हटल्यावर राख आलीच, ती कुठे टाकतात?

"आई, तो पुढच्या पिढीचा प्रश्न आहे," शेखर म्हणाला.

अशा रीतीने जन्माआधीच नातवंडाच्या वाट्याला शेअरही आले आणि राखही.

शेखरचं पाहून सगळ्या सोसायटीने तेच शेअर घेतले आणि गच्चीवर भागधारक मंडळ स्थापन झालं. मंडळाची विचारसरणी सरळ होती. ज्या देवळाचे आपण विश्वस्त, तिथे आपणच दर्शनाला गेलो नाही तर लोक कसे येतील? मग ज्या कंपनीचे आपण मालक, तिची वीज आपणच वापरली नाही तर मागणी कशी वाढेल? त्यावरून पुढील ठराव सर्वानुमते संमत झाले. गीझर उन्हाळ्यातही चालू ठेवावेत. एसी लावल्यावर खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे त्याला काम राहील. रिकाम्या खोलीत किमान एक पंखा फिरता असावा. (लंकाबाईंचे यजमान गेणूभाऊ यांनी सर्व ठरावांना झोपेत अनुमोदन दिलं.)

बिल वाढलं, तेव्हा ती गुंतवणूकच समजावी असं ठरलं.

अडचण एकट्या लंकाबाईंची होती. निकिताने त्यांना जवळ बसवून गोडीने सांगितलं, "आई, तुम्ही बटण बंद केलं की आपलंच नुकसान होतं हो." वाद घालणं लंकाबाईंच्या कोणत्याच व्रतात बसत नव्हतं. त्यांनी बटणाचाही उपास धरला. बोर्डासमोरून जाताना त्या हात पदरात घेत आणि रामनाम वाढवत.

पाडव्याला मंडळाने ‘आदर्श वीजग्राहक’ हा पुरस्कार सुरू केला. तो मिळाला तळमजल्यावरच्या सावळीरामभाऊंना. मनमाडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस आता ऑक्सिजनच्या मशीनवर होता आणि ते मशीन रात्रंदिवस चालायचं. अशी अखंड ग्राहकसेवा सोसायटीत दुसऱ्या कुणाची नव्हती. शाल आणि नारळ देऊन फोटो काढला. फोटोत नळी दिसू नये म्हणून शाल जरा वर ओढली.

"आता पुरस्कार टिकवायचा म्हणजे मला जिवंत राहणं आलं," सावळीरामभाऊ म्हणाले. सगळे मनापासून हसले.

चैत्राच्या मध्यावर भर दुपारी कोपऱ्यावरची डीपी, जिच्यातून सगळ्या सोसायटीला वीज येते, ती धूर सोडून गप्प झाली. सोसायटीतले सारे पंखे एकदम थांबले आणि त्या शांततेत तळमजल्यावरून सावळीरामभाऊंच्या पत्नी कमळाबाईंची हाक ऐकू आली. "लंकाताई, ह्यांचं मशीन थांबलं."

लंकाबाई धावत खाली गेल्या. घरात छोटं सिलिंडर होतं, ते लावलं. कमळाबाईंची नजर त्याच्या काट्यावर होती आणि काटा खाली येत होता. लंकाबाई सुपाने वारा घालत बसल्या.

"ताई," सावळीरामभाऊ थांबत थांबत म्हणाले, "तेवढं... विजेचं बघा."

"बघते भाऊ."

काटा तळाला टेकायच्या आत वीज आली. वायरमन सोमाने खांबावरून उतरून घाम पुसला आणि लंकाबाईंना सांगितलं, "मावशी, लोड लय झाला. परत असंच चालवलं तर परत जळंल. आन् पुढच्या टायमाला मी इतक्या लवकर येईन, याचा भरोसा नाय."

योगायोगाने त्याच दिवशी विजेच्या तुटवड्याची बातमी आली आणि शेअर वधारले. मंडळाने पेढे वाटले. तुटवडा म्हणजेच मागणी, आणि आपली डीपी जळाली हा आपल्या निष्ठेचा पुरावा आहे, अशी इतिवृत्तात नोंद झाली. लंकाबाईंनी मुलाला सावळीरामभाऊंचं सांगून पाहिलं.

"आई, त्यांच्या मशीनला लागते केवढीशी वीज? तेवढ्यासाठी सगळ्या देशाची मागणी कमी करायची का?"

लंकाबाईंनी पेढा देवापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी तुळशीपाशी निरांजन लावलं, नवं लुगडं नेसल्या आणि हळदीकुंकवाचा करंडा घेतला. चैत्रगौरीचं बोलावणं करायला सोसायटीत घरोघर जाऊन येते, असं निकिताला सांगितलं. खरं तर बोलावणं कालच झालं होतं. पण दारात आलेल्या बाईला कुंकू लावून घेतल्याशिवाय कुणी परत पाठवत नाही. कपाळ पुढे केलं की डोळे आपोआप मिटतात. मग ‘पाणी पिऊन येते’ म्हणून आतल्या खोल्यांतून एक फेरी मारली, तर कोण अडवणार? ज्या खोलीत कुणीच नसतं, तिथे टक् झालेलं ऐकायलाही कुणी नसतं.

हे वाचताना आपण एका खोलीत बसलेले आहात. दुसऱ्या खोलीतला पंखा कोणासाठी फिरतो आहे, ते मी विचारत नाही. आपणही भागधारक असाल. बेल वाजली तर दार तेवढं उघडा.

गेणूभाऊ गॅलरीत डुलक्या घेत होते. बैठकीतले दोन दिवे आणि एक पंखा कुणासाठीच चालू नव्हते. उंबऱ्याशी लंकाबाई थांबल्या. आधी दिवे, मग पंखा, मग त्या बाहेर पडल्या. जिन्यात खालच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. ती क्षणभर ऐकून त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि शेजारच्या दाराची बेल दाबली.