सलाईनचे खुंटीस मोसंबी लागली, तें वर्तमान

श्रीधन्वंतरीचे पायीं मस्तक ठेवोन आणि डासांचे नांवें बोटें मोडोन लिहितों ऐसें जे, शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, भाद्रपदमासीं, एका राज्यांत, नांव पुसूं नये, डास कोठें नाहींत, पिराजीराजे डेंगीचे तडाख्यांत सांपडले आणि इस्पितळगडावरी दाखल जाहले. तेथें राजांचे हातीं सुई बसली, खुंटीस सलाईनची बाटली चढली, आणि मग राणी गौराऊसाहेब बाटलीचे पहाऱ्यास बैसल्या. बाटली संपली आणि नजर चुकली तर नळींत रक्त उलटें चढतें, हें त्यांणीं शेजारचे खाटेवरी पाहिलें होतें. म्हणोन पापणी लवूं देईनात, डोळे तांबारले, आणि राजांस वरणभात भरवितां घास नाकास लागूं लागला. तें पाहोन गडाच्या किल्लेदार सिस्टर फिलोमिनाबाई यांणीं यंत्रप्रधान गुणवंतराव यांस पाचारिलें, आणि त्यांणीं काडेपेटीएवढी डबी खुंटीस जोडिली. डबीचे पोटांत चिप, ती बाटलीचें वजन जोखी, आणि पाणी तळास गेलें की सिस्टरांचे मेजावरी घंटा वाजे. राणीसाहेबांस अर्ज केला की आतां खुशाल निजावें. राणीसाहेब हरखल्या, आणि सोयऱ्यांनीं आणिलेली मोसंबीची पिशवी खालीं ठेविली तर मुंग्या लागतील म्हणोन त्याच खुंटीस अडकविली आणि आडव्या जाहल्या. मग काय विचारतां. बाटली आटत चालली, आणि डबीस वाटे, वाहवा, बाटली तों भारी जाहली. डबी गप्प. पुढें सिस्टर ताप पाहावयास आल्या तों बाटली कोरडी आणि नळींत तांबडें वीतभर चढलेलें. त्यांणीं झटदिशीं नळी बंद केली, सर्व नीट केलें, राजे बचावले, आणि मग खाटेभोंवतीं दरबार भरला.

गुणवंतराव बोलिले, "यंत्राची चूक नाही, मावशी. त्याला वजन कळतं, मोसंबी कळत नाही."

राणीसाहेब बोलिल्या, "अरे बाबा, खुंटी दिसली की माणूस पिशवी टांगणारच. तुझ्या घरी काय छपराला टांगतात?"

सिस्टर हळूच म्हणाल्या की परवां तेथें बनियनही वाळत होतें. मग गुणवंतराव हंसले आणि चिपेस नवा हुकूम दिधला, की वजन वाढलें तरी बोंब मारावी, आणि पिशव्यांस निराळी खुंटी ठोकिली. परंतु राणीसाहेबांचा भरवसा उडालेला. त्या डबीची पारख करावयास पिशवी बाटलीचेच खुंटीस टांगीत, घंटा वाजे, सिस्टर धांवत येत. पिशवी काढीत, आणि फिरोन टांगीत. शेवटीं सिस्टर कंबरेवरी हात ठेवोन बोलिल्या, "मावशी, आता झोपा, नाहीतर तुम्हालाच टांगते."

तेव्हां राणीसाहेब निजल्या, आणि घोरणें ऐसें सुरू जाहलें की तावदानें थरथरलीं आणि राजांची झोंप मोडली. सिस्टरांनीं पुसिलें, उठवूं काय.

राजे बोलिले, "राहू द्या हो. बाटली मी बघतो."

येणेंप्रमाणें पहारा राणीकडोन यंत्राकडे आणि यंत्राकडोन राजांकडे गेला, आणि राज्य सुखी जाहलें. मोसंबीं तेवढीं बखरकारानें सोलोन खाल्लीं. गोड होतीं.